गळ आणि मास्क एकाच खडकावर नको

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या सहलींवर आलेला लेख मी आवडीने वाचला. मुलांना घेऊन समुद्रावर गेलं की गळ टाकणं आणि स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत तळ पाहणं) या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत कशा जमवता येतील, हे त्यात छान सांगितलं होतं. आमच्या घरी गेली सात वर्षं हेच चालू आहे, त्यामुळे लेख आपलाच वाटला. पण मासे जिथे पोहताना दिसतात तिथेच गळ टाकावा, म्हणजे दोन्ही हौशी एकाच खडकावर भागतात, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. तिथे मी थांबले. आम्हीही नेमकं तेच करत होतो आणि त्यापायी माझी मुलगी पाण्यात अडकली. म्हणून हे पत्र.

गळ टाकायला मी वडिलांकडून शिकले. आमच्यात मासेमारीची हौस माझी, पोहण्याची यजमानांची. त्यामुळे सहलीची वाटणी ठरलेली असे: संध्याकाळी खडकावर बसून गळ, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खडकाच्या पायथ्याशी मास्क लावून पाण्यात. जागा ओळखीची, खोली माहीत, मासे भरपूर. मला त्यात सोयच दिसत होती.

त्या संध्याकाळी माझा गळ खालच्या कपारीत अडकला. अंधारून आलं होतं, धाकटा भुकेने रडकुंडीला आला होता. मी दोनदा हिसका दिला, तिसऱ्यांदा दिला, आणि मग दांडीच्या टोकाशी सुरीने तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा पारदर्शक दोर, कापून टाकला. गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा, हे सगळेच करतात. नवा गळ बांधताना आपण गेलेल्या गळाचा विचारही करत नाही.

सकाळी भरती चढत होती. पाणी नितळ होतं. थोरली बारा वर्षांची, चांगली पोहणारी, माझ्यापासून चार हातांवर होती. पालथी तरंगत असताना तिने एकदम पाय झाडला आणि हात वर केला. हात वर म्हणजे 'ये', ही आमच्यातली खूण. जाऊन पाहते तर तिच्या फिनच्या (पोहण्यासाठी पायात घालायच्या रबरी पंखाच्या) पट्ट्याला आणि घोट्याला तंगूस गुंडाळला गेला होता आणि त्याचं दुसरं टोक कपारीत घट्ट होतं. पाणी पुरुषभर खोल. डोकं वर राहील एवढा दोर सैल होता, पण एवढाच. आणि पाणी चढत होतं.

ज्यांनी पाण्याखाली तंगूस शोधलेला नाही त्यांना सांगते, तो दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. ऊन तिरपं पडलं की क्षणभर चमकतो आणि पुन्हा नाहीसा होतो. त्यात मास्कच्या काचेतून पाहताना वस्तू प्रत्यक्षाहून साधारण एक तृतीयांशाने मोठी आणि पाव हिश्शाने जवळ भासते. माझी मूठ दोरापर्यंत पोचायच्या आधीच मिटत होती. एकदा हाती लागला तेव्हा ओढला, तर तो तुटायच्या ऐवजी माझं बोट कापलं. दाताने तोडायचाही प्रयत्न केला. सुरी वर, आमिषाच्या डब्यात. शेवटी यजमानांनी तिला उताणं धरलं, मी फिनचं बक्कल सोडलं आणि तो वेढा घोट्यावरून सरकवून काढला. पोर काही बोलली नाही, नुसती थरथरत होती.

तिला वर बसवून मी पुन्हा खाली गेले. कपारीतून सगळा गुंता सोडवून आणला. त्यात गळ बुडवायच्या शिशाच्या वजनावर ओवलेला पिवळा मणी होता. तो मणी मीच ओवला होता, आदल्या दिवशी दुपारी. गुंत्यात एक छोटा खेकडाही अडकून मेला होता. गळ शाबूत होता. तिची पोटरी जिथे होती तिथून तो वीतभरच लांब असेल.

घरी येऊन मी तो तंगूस मोजला. अकरा मीटर. माझ्या वडिलांच्या लहानपणी गळाला सुती दोर असत, ते काही महिन्यांत कुजायचे. नायलॉन कुजत नाही. तो कपारीत राहतो, तिथे मासा अडकतो, खेकडा अडकतो, त्याच्या वासाने दुसरा येतो आणि तोही अडकतो. टाकणारा केव्हाच घरी गेलेला असतो.

म्हणून मुद्द्याचं सांगते. ज्या खडकावरून गळ पडतात तिथे पोहू नये, आणि जिथे मुलं पोहणार तिथे आदल्या दिवशीही गळ टाकू नये. वेळ वेगळी ठेवली की झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. ते पुरत नाही, जागाच वेगळी हवी. आम्ही आता गळासाठी वाळूचा तळ असलेला किनारा धरतो. तिथे गळ अडकतो कमी आणि अडकलाच तर बहुतेक वेळा सुटून येतो. खडकाळ भाग फक्त मास्कवाल्यांचा.

तरीही गळ अडकणारच. तेव्हा हिसके देत बसू नका, त्याने तो अधिकच रुततो. दोर सैल सोडा आणि थोडा वेळ थांबा. लाटेच्या हालचालीने कधीकधी तो आपणच मोकळा होतो. नाही झाला तर दहा-पंधरा पावलं बाजूला चालत जा आणि उलट्या दिशेने ओढा. ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने तो निघतो. अगदीच तोडायची वेळ आली तर दांडी सरळ अडकलेल्या जागेच्या रोखाने धरा, दोर हाताला न गुंडाळता लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा आणि सावकाश मागे चला. बहुतेक वेळा तो खालच्या गाठीशी तुटतो आणि अकरा मीटरच्या जागी हातभरच मागे राहतो. मी त्या दिवशी हे पाच मिनिटांचं काम केलं नाही. आणखी एक युक्ती वडिलांची: शीसं मुख्य दोराला थेट न बांधता त्याहून कमकुवत दोऱ्याच्या तुकड्याने बांधायचं. कपारीत बहुधा शीसंच अडकतं. मग ताण दिला की तो तुकडा तुटतो आणि गळासकट बाकीचं सगळं परत येतं.

शिशाबद्दलही मला वाटतं ते लिहिते. तळाशी राहिलेली शिशाची बारीक वजनं पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंस असे मोठ्या संख्येने मरू लागले, तेव्हा १९८७ साली गळाला लावायच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर तिथे बंदी आली. पोलादाची, टंगस्टनची वजनं मिळतात. मी बदलली. आणि जुना तंगूस कचऱ्यात तसाच लांबच लांब टाकू नका, बोटभर तुकडे करून टाका. काही देशांत मासेमारीच्या जागी त्यासाठी खांबाला नळ्या लावलेल्या असतात, तसं कुठेही सहज करता येईल.

आता मुलांबद्दल, कारण लेख मुलांसाठी होता. धाकटा आठ वर्षांचा आहे आणि त्याला गळाचंच वेड. त्याला मी एक खेळ लावून दिला. गळ काढून टाकला, नुसत्या दोऱ्याला आमिषाचा तुकडा बांधून तळापर्यंत सोडला आणि त्याला मास्क लावून माझ्या शेजारी पालथं तरंगायला सांगितलं. आधी बोटाएवढे मासे आले आणि कडेकडेने कुरतडू लागले. खडकावर बसून जी 'टकटक' आपल्या बोटाला लागते ती यांचीच, हे त्याला तेव्हा कळलं. हातभर लांब एक मोठा मासा आडोशाला थांबून सगळं बघत होता. तो पुढे आलाच नाही. शेवटी कपारीतून खेकडा आला आणि अख्खा तुकडा ओढून घेऊन गेला. मुलगा स्नॉर्केल तोंडात असतानाच ओरडला. त्यानंतर तो गळ घेऊन बसतो तेव्हा त्याचं बसणंच बदललंय. टकटक लागली की तो झटका देत नाही, वाट बघतो.

सोडून द्यायच्या माशासाठीही आम्ही एक नियम केलाय. मासा पाण्याबाहेर काढला की आपणही श्वास धरायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेला पाहिजे. स्नॉर्केल लावणाऱ्या मुलांना हे फार लवकर पटतं. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थरच त्याला रोगापासून वाचवतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून चपटा केला की गळ सहज निघतो, माशाच्या ओठातूनही आणि माणसाच्या बोटातूनही. गळ खोल गिळला असेल तर ओढून काढू नका, तोंडाजवळ दोर कापा.

एका गोष्टीची मला तंगुसाहूनही जास्त भीती वाटते आणि लेखात तिचा उल्लेखच नव्हता. मुलांमध्ये तळाचा शिंपला आणायची चढाओढ लागते. बुडी मारण्याआधी ती जोरजोरात भराभर श्वास घेतात, म्हणजे जास्त वेळ खाली राहता येईल असं त्यांना वाटतं. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो. आणि श्वास घ्यायची जी तगमग होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे. तगमग होतच नाही, प्राणवायू संपतो आणि पोहणारा कसलीही सूचना न देता बेशुद्ध होतो. चांगल्या पोहणाऱ्यांचंही असं होतं, तेही उथळ पाण्यात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, मूल अजून तळ न्याहाळतंय. आमच्याकडे एका बुडीनंतर दुसरी लगेच नाही आणि बुडी मारणाऱ्यावर वरून एकाची नजर असायलाच हवी. ती नजर फोनवर किंवा गळावर असून चालत नाही.

तेव्हा संपादक महोदय, पुरवणीत असा लेख पुन्हा आला तर त्यासोबत एवढी चौकट छापावी ही विनंती: गळाची जागा वेगळी, पोहण्याची वेगळी, तुटलेला दोर परत आणावा, पाण्यात उतरणाऱ्या मोठ्या माणसाच्या कमरेला बोथट टोकाची कात्री असावी. ती कात्री त्या सकाळी माझ्याकडे असती तर माझ्या मुलीला इतका वेळ तसं राहावं लागलं नसतं.

थोरली त्यानंतरच्या दोन सहलींत पाण्यात उतरलीच नाही. काठावर टॉवेल गुंडाळून बसायची. आम्ही आग्रह केला नाही. गेल्या खेपेला ती स्वतःच मास्क धुऊन तयार झाली. पाण्याशी येऊन थांबली आणि विचारलं, "आई, इथे कुणी काल गळ टाकला होता का?"

मला माहीत नव्हतं. मी कमरेला कात्री लावली आणि आधी एकटी उतरून सगळ्या कपारी पाहून आले. मग ती आली.

आपली,
एक वाचक