नवलेखकांच्या योजनेत चित्रकथेलाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह म्हणून मी गेली बावीस वर्षे काम करत आहे. या काळात जी पुस्तके आम्हाला वारंवार नव्याने बांधून घ्यावी लागली, त्यांत नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि चित्रकथांचे जुने अंक सर्वांत पुढे आहेत. वार्षिक खरेदीच्या यादीत मात्र या प्रकारांतील नवीन नावे जेमतेम दोन-चार असतात. वाचक आहे, मागणीही आहे. पण नवा लेखक आणि वाचक यांच्यामध्ये उभा राहणारा, त्या लेखनाची जाण असलेला प्रकाशक विरळा झाला आहे. अलीकडे दोन-तीन माणसांच्या बळावर चालणारी काही छोटी प्रकाशनगृहे ही उणीव भरून काढण्याची धडपड करत आहेत. त्यांच्या बाजूने काही मुद्दे मांडावेत आणि शासनाच्या नवलेखक अनुदान योजनेत एक दुरुस्ती सुचवावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मराठीत रहस्य, भय, गूढ आणि विज्ञान या प्रकारांतील लेखक आपोआप तयार झाले नाहीत. अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये 'हंस' सुरू केला आणि त्याच घरातून पुढे निघालेल्या 'नवल'ने गूढ, अद्भुत आणि वैज्ञानिक कल्पनांवर आधारलेल्या कथांना हक्काचे घर दिले. अशा मासिकांच्या संपादकांनी नवख्या लेखकांच्या कथा वाचल्या, परत पाठवल्या, दुरुस्त करून घेतल्या आणि छापल्या. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली, तिचे महत्त्वही तेवढेच मोठे आहे. १९७४ मध्ये या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' अशा अनोळखी नावाने एक कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. ते लेखक म्हणजे जयंत नारळीकर. आपल्या नावाच्या वजनाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव तयार केले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहून घेतली होती. पुढच्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात, कराडला भरलेल्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षपदावरून त्यांच्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली आणि २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. हा प्रवास सुरू झाला तो नाव न पाहता केवळ लेखन वाचणाऱ्या परीक्षकांपासून, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या पिढीलाही नियतकालिकांचा आणि त्यांच्या संपादकांचा असाच आधार मिळाला. सुहास शिरवळकरांसारख्या, आजही महाविद्यालयीन मुले शोधत येतात अशा लेखकाची सुरुवातही रहस्यकथांपासूनच झाली होती.

आज वर्षभर नियमाने निघणारी कथा-मासिके जवळपास उरलेली नाहीत. दिवाळी अंक आहेत, पण ते वर्षातून एकदाच येतात आणि त्यांत नवीन लेखकाला एका कथेपलीकडे जागा मिळणे अवघड असते. त्या एका कथेनंतर पुढच्या कादंबरीचा खर्डा घेऊन त्याने कोणाकडे जायचे, याचे उत्तर मोठ्या प्रकाशनगृहांकडे क्वचितच मिळते. 'या प्रकाराला पुरस्कार मिळत नाहीत आणि ग्रंथालये असली पुस्तके घेत नाहीत' असे कारण मी प्रकाशन व्यवसायातील लोकांकडून अनेकदा ऐकले आहे. त्यातील दुसरा भाग काही प्रमाणात खरा आहे आणि त्याचा दोष आमच्यासारख्या ग्रंथालयांकडेही जातो, हे मला मान्य केलेच पाहिजे.

चित्रकथेची अवस्था याहून बिकट आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. १९६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमर चित्र कथेचे राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम हे चित्रकार मराठी होते आणि देशभरातील मुलांच्या मनात पुराणातली व इतिहासातली माणसे ज्या चेहऱ्यांनी वसली आहेत, त्यांतील कितीतरी चेहरे यांच्याच कुंचल्यातून उतरले. हिंदीत अफाट लोकप्रिय झालेल्या नागराज या चित्रकथा-नायकाचे सुरुवातीचे अंकही पुण्याच्या प्रताप मुळीकांनी रेखाटले होते. असे हात आपल्याकडे असताना मराठी वाचकाला चित्रकथा मिळाली ती बहुतेक वेळा दुसऱ्या भाषेत रचलेली आणि नंतर मराठीत आणलेली. इंद्रजाल कॉमिक्स आम्ही मराठीत वाचले आणि त्यावर मनापासून प्रेम केले. पण त्यातील फुगे, म्हणजे पात्रांचे संवाद लिहिण्याच्या जागा, मुळात इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेले होते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रेसाठी, तर खाली उकारासाठी जागा लागते. जोडाक्षरे उभी रचली की ओळीची उंची आणखी वाढते. परक्या मापाच्या फुग्यात हा मजकूर कोंबला की अक्षर बारीक होते, वाक्य तोडावे लागते आणि बोलणाऱ्या माणसाचा सूर हरवतो. मराठीतच विचार करून चौकट आखणारा चित्रकार फुग्याची जागा आधी ठरवतो आणि मग माणसे उभी करतो. हे कसब शिकायला वेळ लागतो, चुका कराव्या लागतात आणि त्या चुका दाखवणारा संपादक लागतो.

आमच्या वाचनालयात लहानपणापासून येणारी एक मुलगी चित्रकलेचे शिक्षण घेऊन परतली, तेव्हा तिने मला साठ पानांची एक चित्रकथा दाखवली. दुष्काळाच्या वर्षी उघडलेल्या चारा छावणीत रात्री जनावरांची राखण करणाऱ्या एका बाईची ती गूढकथा होती. कडबा, दावणी, टँकरभोवतीची गर्दी आणि कंदिलाच्या उजेडात मोठ्या होत जाणाऱ्या सावल्या तिने केवळ काळ्या शाईत अशा काढल्या होत्या की माणदेशात वाढलेल्या माणसाला ती छावणी ओळखीची वाटावी. एका प्रकाशकाने तिला छपाईचा सगळा खर्च स्वतः करून दोनशे प्रती विकत घ्यायला सांगितले. दुसऱ्याने सुचवले की शेवटी बोध घालून ती लहान मुलांसाठी करावी. ती खचून गेली होती. अखेर तिला भेटले ते पुण्यातील एक जोडपे, जे नोकरी सांभाळून अशीच पुस्तके काढते. त्यांनी पाने पाहिली आणि आठ दिवसांत चार पानी पत्र लिहिले. कुठे चौकटी जास्त झाल्या आहेत, कुठे बाईचे बोलणे पुस्तकी झाले आहे, कोणत्या पानावर भीती फार लवकर उघडी पडते, हे सारे त्या पत्रात होते. पुढचे नऊ महिने पाने दोन्ही बाजूंनी येत-जात राहिली आणि बारा पाने तिने पुन्हा काढली. अक्षरे संगणकावर न बसवता हाताने लिहावीत, हा त्यांचाच आग्रह होता. छपाईपूर्वी लेखी करार झाला, चित्रे आणि कथेचे हक्क तिच्याकडेच राहिले आणि थोडे का होईना, मानधन आगाऊ मिळाले. पाचशे प्रतींची ती आवृत्ती आज संपत आली आहे. छोट्या प्रकाशकाचे काम म्हणजे नेमके काय, हे मला त्या नऊ महिन्यांत कळले.

असे काम टिकवणे आर्थिकदृष्ट्या किती कठीण आहे, याची वाचकांना कल्पना असावी. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत प्रत्येक प्रतीचा खर्च मोठ्या आवृत्तीपेक्षा बराच जास्त पडतो आणि रंगीत छपाई केली तर किंमत सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर जाते. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, हे चांगलेच आहे. पण त्यामुळे कागदावर आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. त्यात विक्रेत्याची सवलत भरघोस असते आणि पैसे मिळायला अनेक महिने जातात. एकेक प्रत टपालाने पाठवणाऱ्यांना स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्टचा मोठा आधार होता. ती सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू होईपर्यंतचे महिने अशा प्रकाशकांना फार जड गेले.

आता मुख्य सूचनेकडे येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशा लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना राबवते. ही योजना अत्यंत उपयुक्त आहे आणि तिच्यामुळे ग्रामीण भागातील अनेकांची पहिली पुस्तके निघाली आहेत. तिच्यात कविता, कथा, कादंबरी, नाटक व एकांकिका, ललितगद्य, बालवाङ्मय असे प्रकार आहेत. चित्रकथा हा स्वतंत्र प्रकार त्यांत नाही. चारा छावणीची ती कथा बालवाङ्मयात बसत नाही आणि निव्वळ कथा म्हणून टंकलिखित स्वरूपात पाठवायची म्हटली, तर तिचा निम्मा अर्थच निघून जातो. म्हणून मंडळाने चित्रकथेसाठी स्वतंत्र विभाग करावा, त्याच्या परीक्षणासाठी एक तरी चित्रकार नेमावा, आणि लेखक व चित्रकार वेगवेगळे असल्यास दोघांनाही नवलेखक मानावे. कथा-कादंबरीच्या विभागांतही भय, रहस्य आणि विज्ञान या प्रकारांची जाण असलेला परीक्षक असेल याची काळजी घ्यावी. १९७४ च्या त्या स्पर्धेत लेखकाचे नाव परीक्षकांना ठाऊक नव्हते. नवलेखकांच्या हस्तलिखितांवरही परीक्षणाच्या वेळी नाव नसावे.

दुसरी विनंती माझ्याच क्षेत्रातील सहकाऱ्यांना आहे. राज्यात सुमारे अकरा हजार अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतील पाचशे ग्रंथालयांनी वर्षातून एका नव्या चित्रकथेची एकेक प्रत घेतली, तरी वर सांगितल्यासारखी अख्खी आवृत्ती संपते. आपली पुस्तक निवड समिती बहुधा वितरकाने आणलेल्या यादीवर खुणा करते आणि छोट्या प्रकाशकाचे नाव त्या यादीत नसते. आमच्या समितीने गेल्या वर्षीपासून खरेदीच्या रकमेतील दहावा भाग थेट अशा प्रकाशकांकडून पुस्तके मागवण्यासाठी राखून ठेवला आहे. सवलत कमी मिळते, बिले जास्त होतात आणि दाखल नोंदवहीचे काम थोडे वाढते. पण गेल्या वर्षभरात तरुण सभासदांनी सर्वाधिक नेलेली पुस्तके याच दहाव्या भागातील आहेत.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तक परीक्षणांना मोठी जागा असते, त्याबद्दल मी आपला जुना वाचक म्हणून कृतज्ञ आहे. त्या जागेत महिन्यातून एकदा एखाद्या नव्या भयकादंबरीचे, विज्ञानकथासंग्रहाचे किंवा चित्रकथेचे परीक्षण यावे, आणि चित्रकथेच्या परीक्षणासोबत तिचे एक पान वाचता येईल एवढ्या आकारात छापावे, अशी विनंती आहे. आमच्या वाचनालयात ती पुरवणी वर्षभर जपून ठेवली जाते आणि खरेदीच्या बैठकीत समिती ती समोर घेऊनच बसते.

आपला विश्वासू,
कार्यवाह, एक सार्वजनिक वाचनालय,
जि. सातारा