साइज चुकली, मुदतही संपली

महोदय,
ऑनलाइन कपडे परत करायला पूर्वी काही ठिकाणी ३० दिवस मिळत. आता बऱ्याच कपड्यांना जेमतेम ७ दिवस, आणि काहींवर तर 'फक्त बदली'. लोक हळदीला नेसून साडी परत पाठवतात, ही कंपन्यांची तक्रार खोटी नाही. पण त्यापायी सगळ्याच गिऱ्हाइकांना धारेवर का धरायचं?

माझ्या वहिनीचा कुर्ता छातीत आवळत होता. परत पाठवायची विनंती वेळेत नोंदवली. कुरिअरवाला आलाच नाही. मोबाइलवर मात्र 'ग्राहक घरी नाही' असा मेसेज! वहिनी दिवसभर घरातच होत्या. तक्रार करेपर्यंत मुदत सरली. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात निदान कापड हाताला लागतं, कुर्ता अंगाला लावून तरी बघता येतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अशी तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. पण नुसता मापाला बसला नाही, तर सगळं कंपनीच्या मर्जीवर. खरी गोची इथेच आहे, कारण एका ब्रँडचा 'एल' दुसऱ्याच्या 'एम'एवढा निघतो.

मुदत कमी करायची तर करा. पण ती किमतीशेजारीच ठळक छापा, मापं इंचांत द्या आणि विनंती नोंदवली तोच दिवस परतीचा धरा. कुरिअरच्या दिरंगाईचा भुर्दंड आम्ही का सोसायचा?

– एक ग्राहक, राजारामपुरी, कोल्हापूर