विनोदी चित्रपटातली थप्पड आणि एक न लिहिलेली ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मल्याळम चित्रपटांची गोडी आमच्या घराला लॉकडाऊनपासून लागली. भाषा कळत नाही, पण माणसं ओळखीची वाटतात. ओसरीवरची भांडणं, लग्नातले मानपान, पोराच्या नोकरीची काळजी, सगळं आपल्यासारखंच. म्हणून मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी आम्ही तीन बायका आणि दोन मुली ‘जय जय जय जय हे’ बघायला बसलो. दहा वर्षांची माझी नात आणि तिच्याच वर्गातली, शेजारच्या इमारतीत राहणारी तिची मैत्रीण. ॲपवर ‘कॉमेडी, ड्रामा’ असं लिहिलेलं होतं. सुरुवातीला कोपऱ्यात वयाचा आकडा आणि बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. मी चष्मा शोधेपर्यंत ती गेलीसुद्धा.

विपिन दास यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२२चा. दर्शना राजेंद्रननं रंगवलेली जया शिकायचं म्हणते, तर घरचे तिचं लग्न लावून मोकळे होतात. नवरा कोंबड्यांचा व्यवसाय करणारा. ते काम बेसिल जोसेफनं इतकं सहज केलंय की पहिली काही मिनिटं तो माणूस गमतीशीरच वाटतो. रोज सकाळी त्याला इडिअप्पमच लागतं, त्यावरही आम्ही हसलो. मग तो तिला थोबाडीत मारतो. पुन्हा मारतो. मारून झालं की माफी, आणि माहेरचे म्हणतात, जरा सांभाळून घे. शेवटी जया मोबाइलवरचे व्हिडिओ बघून गुपचूप मारामारीचे डाव शिकते आणि एक दिवस त्याला उलटी लाथ घालते.

त्या लाथेला आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. नातही खदखदून हसली. तिची मैत्रीण मात्र हसली नाही. उशी पोटाशी धरून तिनं अगदी हळू विचारलं, “आजी, आता तो तिला जास्त मारेल ना?”

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. असा प्रश्न कुठून येतो ते मला कळतं. चित्रपट तिथंच थांबवला, मुलींना थालीपीठ करून घातलं आणि मग त्या लेकराशी जे बोलायला हवं होतं ते बोलले. ते इथं लिहिणार नाही. पण चार दिवस मला झोप लागली नाही, कारण ते मूल माझ्या घरात, माझ्या शब्दावर विसंबून बसलं होतं, आणि आपण काय लावतोय हे मलाच ठाऊक नव्हतं.

कृपा करून माझा रोख चित्रपटावर आहे असं समजू नये. नंतर मी तो एकटीनं पूर्ण पाहिला. बायकोला ताब्यात ठेवायला मूल होऊ द्यायचं, ही नातेवाइकांची युक्ती त्यात दाखवली आहे. पुढे तिचा गर्भपात होतो. मग कोर्टाचा प्रसंग येतो. हे सगळं हसवत हसवत मांडलं आहे आणि म्हणूनच ते जास्त टोचतं. यातलं एकही दृश्य कापू नये. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी, मुलींइतकंच मुलग्यांनीही, हा चित्रपट घरातल्या मोठ्यांसोबत बसून बघावा असं मला मनापासून वाटतं. पण दहाव्या वर्षी, कल्पना न देता, ‘कॉमेडी’ म्हणून नको.

कायदा याबाबत काय म्हणतो ते मी वाचून काढलं. आपल्याकडे १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं प्रमाणपत्र मिळतं. पूर्वी सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ असे दोनच मुख्य वर्ग होते. १९८३पासून मधला ‘यूए’ आला, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखाली दाखवायचा चित्रपट. हा एक वर्ग इतका ऐसपैस की साधी भुताची गोष्ट आणि रक्तबंबाळ मारामारी दोन्ही त्यात बसायची. २०२३च्या दुरुस्तीनं त्याचे तीन भाग झाले, सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्यांसाठी. चांगलं पाऊल आहे. मात्र थिएटरात हे आकडे म्हणजे पालकांना सल्ला आहे, दारावरची बंदी नव्हे. निर्णय आईबापांनीच घ्यायचा. तो घ्यायला निव्वळ आकडा कसा पुरेल? तेरा हा आकडा शिव्यांमुळे आहे, भीतीमुळे आहे की घरातल्या मारहाणीमुळे, हे कळल्याशिवाय मी माझ्या नातीबद्दल काय ठरवू?

घरबसल्या बघायच्या ॲपसाठी २०२१चे नियम याहून पुढे गेलेले आहेत. वयोगटाबरोबर चित्रपटात काय प्रकारचं आहे याचं वर्णन सुरुवातीला ठळक दाखवावं आणि तेरा वर्षांवरच्या वर्गासाठी पालकांना कुलूप लावता यावं, असं त्यात स्पष्ट आहे. नियम योग्यच आहे. अडतं ते पुढे. ते वर्णन दोन-तीन सुट्या इंग्रजी शब्दांत येतं. ‘व्हायोलन्स’ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे गुंड आणि तलवारी येतात, स्वयंपाकघरात बायकोच्या गालावर बसलेली थप्पड येत नाही. चित्रपट मला हिंदीत ऐकता येतो, मग ही एक ओळ मराठीत का वाचता येऊ नये?

पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की खाली लगेच आरोग्याचा इशारा येतो. सप्टेंबर २०२३पासून तो ॲपवरच्या चित्रपटांनाही लागू आहे. प्रत्येक थपडेखाली अशी पट्टी लावा, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यानं कलाकृतीचा विचका होईल. सुरुवातीची एक सरळ ओळ पुरे.

माझी भाची ब्रिटनमध्ये लेस्टरला असते. तिकडे मल्याळम चित्रपटही थिएटरात लागतात आणि त्यांनाही तिथल्या मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ती सांगते, चित्रपटाआधी येणाऱ्या काळ्या पाटीवर वयाच्या खुणेसोबत कारणही थोडक्यात लिहिलेलं असतं, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर पालकांसाठी त्याचा सविस्तर खुलासाही मिळतो. तिथं ‘घरगुती छळ’ असं वेगळं नाव घेऊन सांगतात, सरसकट ‘हिंसा’ म्हणून सोडून देत नाहीत. आधी तिकीट काढायचं की नाही ते ठरवता येतं आणि नेलंच तर मुलाला कल्पना देऊन नेता येतं.

माझ्या सुनेचं म्हणणं पडलं की अशानं कथा आधीच फुटते. मला ते पटलं नाही. “या चित्रपटात नवरा बायकोला वारंवार मारतो, काही मारामारी विनोदी ढंगानं दाखवली आहे, गर्भपाताचा प्रसंग आहे, दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत मोठ्यांनी बसावं.” एवढं वाचून जयाच्या त्या लाथेची मजा कुणाची कमी होणार आहे? आणि ज्या घरात असं काही घडतंय, त्या घरातल्या मुलाला अचानक धक्का बसणार नाही. विनोदी चित्रपटाला तर ही ओळ अधिकच हवी. भयपट लावताना आपण आपसूक सावध असतो, मुलांना झोपायला पाठवतो. हसायला बसलेल्या माणसानं सगळी दारं उघडी ठेवलेली असतात.

हा प्रश्न काही केरळच्या चित्रपटांपुरता नाही. नवऱ्यानं बायकोवर किंवा बायकोनं नवऱ्यावर हात उगारला की हशा पिकवायचा, ही सवय आपल्या मराठी पडद्याला आणि रंगभूमीलाही जुनी आहे. मल्याळम चित्रपटानं निदान ते हसू अर्ध्यावर थांबवून आपल्याला विचारात पाडलं. आपण तेवढंही क्वचितच करतो.

माझी विनंती थेट आपल्याकडे आहे. सरकार आणि ॲपवाल्यांना मी वेगळं लिहिणार आहेच, पण आपल्या शुक्रवारच्या पानावर चित्रपट परीक्षण येतं, त्यात दिग्दर्शक, कलाकार, तारे सगळं असतं. त्याच चौकटीत ‘मुलांसोबत बघताना’ अशी एक ओळ सुरू करावी. वयाचा आकडा आणि त्याचं कारण, साध्या मराठीत. ॲपवर आलेल्या दाक्षिणात्य चित्रपटांनाही ती लावावी, कारण आता घरोघरी तेच बघितले जातात. परीक्षण लिहिणाऱ्यानं चित्रपट पाहिलेलाच असतो, त्याला यासाठी दोन मिनिटं पुरतील.

शेजारची ती मुलगी परवा पुन्हा आमच्याकडे आली होती. जयाचं पुढे काय झालं, असं तिनं विचारलं. तू जरा मोठी झालीस की आपण दोघी मिळून बघू, असं मी तिला कबूल केलं आहे.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे