कुंडी संचातील सेंद्रिय माती व द्रवखत यांच्या परस्परविरोधी सूचनांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: टोमॅटो-मिरची कुंडी संचातील चुकीचे माहितीपत्रक, रोपांचे नुकसान व परताव्याची मागणी

महोदय,

आपल्या संचात सेंद्रिय मातीची पिशवी, द्रवखताच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्या आणि एक माहितीपत्रक येते. पिशवीवर छापले आहे, ‘पहिले आठ आठवडे वेगळे खत लागत नाही.’ माहितीपत्रक मात्र त्याच मातीत पहिल्या आठवड्यापासून लिटरभर पाण्यात ५ मिली ‘अ’ आणि ५ मिली ‘ब’ द्यायला सांगते. एकाच खोक्यातल्या या दोन सूचनांपैकी ग्राहकाने कोणती पाळायची?

छपाईतली चूक म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण या दोन वेगळ्या पद्धती आहेत. बाटलीतले विद्राव्य क्षार मुळांना थेट मिळतात. त्यांची मात्रा पाण्याच्या ईसीवरून (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) ठरते आणि कुंडीत साठणारे क्षार दर पाण्याला १० ते २० टक्के निचरा काढून धुवावे लागतात. सेंद्रिय मातीत निंबोळी पेंड, गांडूळखत, हाडांचा चुरा यांतले नत्र आणि स्फुरद जिवाणूंनी फोडल्यावर रोपाला मिळते. तिथे वाफसा (माती ओलसर, पण हवा खेळती) सांभाळायचा असतो. भरपूर निचरा काढला तर तयार झालेले नायट्रेटच वाहून जाते. आपले पत्रक निचरा होईस्तोवर पाणी घालायला सांगते आणि पुढच्याच ओळीत ‘ताटलीत जमलेले पाणी झाडाला शोषू द्या’ म्हणते. म्हणजे धुतलेले क्षार पुन्हा कुंडीत. हे तर कोणत्याच पद्धतीत बसत नाही.

संचातली माती आम्ही कोणतेही खत न घालता तपासली. कुंडी पूर्ण भिजवली, अर्धा तास थांबून वरून थोडे ऊर्ध्वपातित पाणी ओतले आणि खालून निघालेले ५० मिली पाणी मोजले. ईसी ३.४ मिलिसिमेन्स प्रति सेंमी आला. नुकत्याच लावलेल्या रोपासाठी हा आकडा आधीच चढा आहे. त्यावर आपल्या पूर्ण डोसचे २.१ ईसीचे पाणी दर वेळी पडते. पत्रकाप्रमाणे खत दिलेल्या कुंड्यांचा निचरा पुढे ६.२ वर गेला. त्याच पिशवीतली माती भरून फक्त साध्या पाण्यावर ठेवलेली कुंडी २.३ वर उतरली आणि तिच्यातली मिरची टवटवीत आहे. तेव्हा पिशवीवरचे वाक्य खरे आणि पत्रक चुकीचे, असाच निष्कर्ष निघतो. मातीबद्दल आमची तक्रार नाही.

खत दिलेल्या रोपांच्या पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन करपल्या, पाने खाली वळली आणि माती ओली असतानाही दुपारी रोपे माना टाकू लागली. मुळांभोवती क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही. ‘अ’ बाटलीत कॅल्शियम भरपूर असूनही टोमॅटोच्या फळांच्या बुडाला काळे, दबलेले डाग आले, त्याचेही कारण हेच: कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढते, आणि पाण्याचीच वाट अडलेली. आपल्या मदत केंद्राला फोटो पाठवले तर उत्तर आले, ‘अन्नद्रव्यांची कमतरता आहे, डोस दीडपट करा.’ निचऱ्याचा ईसी किती, हे कोणी विचारलेही नाही. अशा वेळी खत बंद करून साधे पाणी द्यायचे असते.

दुसरा दोष मिसळण्याच्या सूचनेत आहे. पत्रक म्हणते, ‘अ’ आणि ‘ब’ एका मापात समप्रमाणात एकत्र करून मग पाण्यात ओता. या दोन बाटल्या मुळात वेगळ्या असतात कशासाठी? आपल्याच लेबलाप्रमाणे ‘अ’मध्ये कॅल्शियम नायट्रेट आहे, ‘ब’मध्ये फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. दाट स्वरूपात ते एकमेकांना भेटले की कॅल्शियम फॉस्फेट आणि जिप्समचा पांढरा गाळ धरतो. माप दुधासारखे गढूळ होते आणि थोड्या वेळात तळाशी साका बसतो. तो साका म्हणजे ग्राहकाने पैसे मोजून घेतलेले कॅल्शियम आणि स्फुरद, आता रोपाच्या उपयोगाचे नाही. बरोबर क्रम असा: आधी बादलीत पूर्ण पाणी, मग ‘अ’ घालून ढवळणे, त्यानंतर ‘ब’ घालून पुन्हा ढवळणे, आणि पीएच सर्वांत शेवटी जुळवणे.

तिसरी गोष्ट आकड्यांची. तक्त्यात ‘९०० पीपीएम’ लिहिले आहे, पण कोणत्या मापपट्टीवर (ईसीला ५०० ने गुणून की ७०० ने) ते नाही. ५०० च्या पट्टीवर याचा ईसी १.८ होतो, ७०० च्या पट्टीवर जेमतेम १.३. एवढा फरक रोप जगवतो किंवा जाळतो. सरळ ईसी छापला तर प्रश्नच उरणार नाही. शिवाय लेबलावर लोह ‘ईडीटीए’ (लोह विरघळलेले ठेवणारे रसायन) रूपात आहे. ते पीएच साधारण ६.५ च्या वर टिकत नाही आणि आपल्या मातीचा पीएच ७.२ आहे. लोहाअभावी नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की ग्राहक आणखी खत ओतणार, आणि ईसी आणखी चढणार. बाटली विकणाऱ्याला हे चक्र सोयीचे असेल, रोपाला नाही.

आमच्या मागण्या: संचाची पूर्ण रक्कम परत करावी. मातीची पिशवी आणि द्रवखत वेगवेगळे विकावे, किंवा एकत्र विकायचेच असेल तर बाटल्यांसोबत खत नसलेले धुतलेले कोकोपीट द्यावे. सेंद्रिय मातीसाठी वेगळे पत्रक छापावे आणि त्यात पहिल्या आठ आठवड्यांच्या रकान्यात ‘फक्त पाणी’ लिहावे. पिशवीवर मातीचा ईसी, पीएच आणि भरल्याची तारीख द्यावी. एकत्र मिसळण्याची सूचना तर आजच मागे घ्यावी. ज्यांनी हा संच आधी घेतला आहे त्यांनाही तसे कळवावे.

लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. तसे न झाल्यास ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग आम्ही मोकळा ठेवत आहोत.

आपले,
संचाचे ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, पिशवी व बाटल्यांवरील लॉट क्रमांकांचे फोटो, निचऱ्याच्या ईसीच्या नोंदी, मदत केंद्राच्या उत्तराची प्रत, आणि तळाशी साका बसलेल्या मापाचा फोटो.