हवामानाच्या चौकटीत समुद्राचं तापमान पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात रोज हवामानाची चौकट येते, त्यात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर सगळ्यांचं कमाल-किमान असतं, भरती-ओहोटीच्या वेळा पण असतात, पण अरबी समुद्राचं पाणी आज किती अंशांवर आहे ते कधीच नसतं. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना तोच आकडा जास्त कामाचा आहे.

मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच बाजूला जमिनीवर आलं, भर दुपारी, वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. आमच्या वाडीतल्या पोफळी मुळासकट नाही पडल्या, मधनंच मोडल्या, काडेपेटीतली काडी मोडावी तशा, आणि खाली पडलेल्या शेंड्यांना हिरवी सुपारी तशीच लगडलेली होती. नवीन पोफळ लागती व्हायला सहा-सात वर्षं तरी जातात. त्या वादळाच्या आधी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या वर होतं, आणि चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस-सत्तावीस अंश पुरतात. नुसतं पाणी तापलं म्हणून वादळ होतंच असं नाही, वरच्या थरातले वारे पण शांत लागतात, म्हणून तर ऐन पावसाळ्यात चक्रीवादळं फारशी होत नाहीत, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात.

शाळेत आपण सगळे खारे वारे, मतलई वारे शिकलो, जमीन लवकर तापते वगैरे. पण जिथे आसपास जमीनच नाही अशा भर समुद्रात सुद्धा पाण्याच्या तापमानातल्या एखाद-दोन अंशांच्या फरकाने वारा बदलतो हे कोणी सांगितलं नाही. पाणी जिथे जास्त गरम तिथली हवा तापून वर जाते, वरची हवा खाली येते आणि वरचा जोरकस वारा आपल्याबरोबर खाली आणते, म्हणून गरम पट्ट्यावर वारा वाढतो. थंड पाण्यावर हवा जड होऊन बसून राहते, वर-खाली होत नाही, वारा पडतो. सोमालियाच्या किनाऱ्याला दर पावसाळ्यात हेच चालतं, आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्येचा वारा तिथलं वरचं पाणी बाहेर ओढतो, खालचं गार पाणी वर येतं आणि तेच गार पाणी मग त्या वाऱ्याला पाण्यालगत मंद करतं. म्हणजे वारा समुद्राला ढवळतो तसा समुद्र पण वाऱ्याला वळण लावतो.

आता हा समुद्रच तापत चाललाय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की १९०१ ते २०१२ मध्ये पश्चिम हिंद महासागराचं पावसाळ्यातलं तापमान जवळजवळ १.२ अंशांनी वाढलं. त्याने जमीन आणि समुद्राच्या तापमानातला फरक कमी झाला आणि मध्य भारतातला एकूण पाऊस घटला, पण त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात त्याच पट्ट्यात एकदम कोसळणारा मोठा पाऊस १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढलेला दिसला, कारण तापलेल्या समुद्रावरनं भरपूर बाष्प घेऊन वारे झटक्याने येतात. हे घाटावरच्यांना पण लागू आहे बरं का. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार आणि महा ही दोन वादळं एकाच वेळी होती, दोन्ही आपल्या किनाऱ्यावर आली नाहीत, तरी त्या दिवसांतल्या अवकाळीने काढलेलं सोयाबीन शेतातच कुजलं आणि द्राक्षबागांची वाट लागली.

म्हणून मागणी एवढीच की त्या चौकटीत एक ओळ वाढवा, रत्नागिरीसमोर पाणी किती अंश आणि नेहमीपेक्षा किती जास्त किंवा कमी. माहिती कुठून शोधून आणायची नाहीये, हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था सॅटेलाइटवरून समुद्राचं तापमान बघून मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल ते सांगतेच. वर्षभर जागा नसेल तर निदान मे आणि ऑक्टोबरमध्ये तरी द्या. १ जूनपासून मासेमारी बंद, तेव्हा होड्या नाहीतरी वर ओढून झापांनी शाकारायच्याच असतात, पंधरा मेपासून तो आकडा रोज डोळ्यासमोर राहिला तर आमचा नाखवा होड्या चार दिवस आधीच वर काढेल.

आपला एक वाचक,
श्रीवर्धन, जि. रायगड