तू निघण्याआधी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्या ध्यानशिबिराचा विषय निघाला आणि माझा आवाज चढला, ते चुकलंच. "तुला ध्यानातलं काय कळतं?" असं तू म्हणालास आणि मी फोन ठेवला. मग रात्रभर वाचत बसले. गोळ्यांचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच हे लिहिते आहे.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये बौद्ध ध्यानावरून काही आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला, जुन्या दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीझडेल या तिघांनी त्याला मानसोपचाराची जोड दिली, ती नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांसाठी. म्हणजे तुझ्यासारख्यांसाठीच रे. तुझ्यावर मानसोपचार करणाऱ्या मॅडमनी शिकवलेला तो तीन मिनिटांचा श्वास त्यातलाच. पलंगाच्या कडेला तू पोटावर हात ठेवून बसला होतास, बोटं हळूहळू वर-खाली होत होती, मी दाराआड उभी होते. त्या डिसेंबरनंतर मला पहिल्यांदा नीट झोप लागली ती त्याच रात्री. माझा विरोध ध्यानाला कसा असेल?

पण त्या अभ्यासक्रमात आठवड्याला एक वर्ग, घरी रोजचा सराव, आणि काय वर आलं हे विचारणारं माणूस समोर. तुझ्या शिबिरात दिवसाला दहा तास डोळे मिटून, आणि मौन. शिक्षक असतात, मान्य. पण त्यांना तुझं मागचं ठाऊक नाही. ध्यानात विचार आला की नुसतं बघायचं, त्याच्यामागे जायचं नाही. मॅडमकडे त्याच विचाराचं बोट धरून तो आला कुठून तिथवर जायचं. दोन्ही हवंच. जॉन वेलवुड स्वतः बौद्ध साधक आणि मानसोपचारतज्ज्ञही. साधनेच्या आडोशाने माणसं जुनी जखम टाळतात, हे त्यांनीच दाखवून दिलं. बाबांबद्दल तू मॅडमशीसुद्धा अजून बोललेला नाहीस.

लेक्चर झालं. रागावू नकोस.

लहानपणी रडताना तू श्वास कोंडून घ्यायचास. ओठ निळे पडायचे. मी तोंडावर फुंकर घालायचे, आणि तू हबकून श्वास घ्यायचास. डॉक्टर म्हणायचे, काही होत नाही, आपोआप घेईल. तेवढा धीर मला कधी धरवला नाही.

आपल्या घरात स्वतःहून मदत मागायला गेलेला तू पहिला. बाबा नाही गेले. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

शिबिराच्या अर्जात आजार आणि औषधं विचारतात. तिथे खरं लिहिलंस ना? मॅडमना सांगितलंस? आणि गोळ्या मनाने बंद नाही ना केल्यास? बघ, काढलाच विषय. कमी करायच्या तर त्या डॉक्टरांनी, हळूहळू. शिबिरासाठी नाही.

मॅडम जा म्हणाल्या तर जा. मी अडवणार नाही. फोन परत हातात आला की आधी मला कर, कितीही वाजलेले असोत. काही बोलला नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई