कोपऱ्यातलं नाव कापलं, पण खूण?

महोदय,
वारीत काढलेला माझा एक फोटो नुकताच गावातल्या फ्लेक्सवर दिसला. कोपऱ्यात टाकलेलं माझं नाव तेवढं गायब! दिसणाऱ्या वॉटरमार्कची, म्हणजे फोटो कोणाचा ते सांगणाऱ्या खुणेची, हीच गत: कडेला टाकला तर कापला जातो, मधोमध टाकला तर फोटोच बिघडतो.

न दिसणारा वॉटरमार्क नीट लपवला तर जास्त चिवट. पिक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या एकेका ठिपक्याचा, रंग सांगणाऱ्या आकड्यातला शेवटचा बिट (सर्वांत छोटा अंक) बदलून खूण लपवणं सोपं, पण जेपीईजी कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे फोटोची फाइल लहान करताना, ती पुसली जाते. म्हणून ती चित्राच्या मधल्या फ्रिक्वेन्सींत, म्हणजे ना फार ढोबळ ना फार बारीक तपशिलांत, पेरतात. फार खालच्या पट्टीत (ढोबळ छटांत) टाकली तर डोळ्याला खुपते, फार वरच्या पट्टीत (बारीक तपशिलांत) टाकली तर कॉम्प्रेशन ती खाऊन टाकतं. उलट पुराव्याच्या फोटोंत मुद्दाम नाजूक खूण ठेवतात. चित्राला जरा हात लागला की ती मोडते आणि फेरफार उघडा पडतो. गूगलचं २०२३ मधलं सिंथआयडी एआयने बनवलेल्या चित्रांत अदृश्य खूण ठेवतं, तेही न दिसणाऱ्या वॉटरमार्कच्याच कुळातलं.

कायदाही आहे, जो आम्हा फोटोग्राफरांनाच फारसा ठाऊक नसतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ बी सांगतं की, हक्कांची माहिती, म्हणजे काम कोणाचं ते सांगणारं नाव वगैरे, परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली वा बदलली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फ्लेक्सवाल्यांना ते दाखवलं, तर उत्तर आलं, ‘अहो, माउलीचंच काम आहे!’ असेल, पण छापण्याआधी एक फोन तरी करावा.

– एक छायाचित्रकार, सातारा